रिकामे घर आणि गुरूची दृष्टी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, दर गुरुवारी आरती झाली की मी मंदिराच्या ओट्यावर टेकतो, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. कोणी पत्रिका घेऊन येतं, कोणी नुसतं गाऱ्हाणं घेऊन येतं. दक्षिणा मी घेत नाही. वडिलांकडून थोडं ज्योतिष शिकलो, नोकरीत असताना पुस्तकं वाचून त्यात भर घातली, एवढंच माझं भांडवल. या इतक्या वर्षांत साडेसातीबद्दल लोक विचारतात, मंगळाबद्दल विचारतात, पण सगळ्यांत जास्त घाबरतात ते पत्रिकेतल्या रिकाम्या घराला. मुलीच्या पत्रिकेत सातवं घर रिकामं, मग लग्न होणार की नाही? मुलाचं दहावं रिकामं, मग नोकरीचं काय? आणि पाचवं रिकामं असलं तर आई-बापाच्या तोंडचं पाणीच पळतं.

ही भीती घालणाऱ्यांत एकदा मीही होतो. ते आज कबूल करायचं आहे, आणि त्यातून मला बाहेर कोणी काढलं तेही सांगायचं आहे. काढलं ते प. पू. श्रीमद् वासुदेवानंद सरस्वती स्वामी महाराजांच्या, म्हणजे आपल्या टेंबे स्वामींच्या चरित्राने.

गोष्ट जुनी आहे. मंदिरात नेमाने येणाऱ्या एक बाई लेकीची पत्रिका घेऊन आल्या. लेकीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, घरात पाळणा हलला नव्हता. त्या दिवशी गर्दी होती, मी घाईत होतो. कुंडलीवर नजर टाकली आणि पंचम स्थान रिकामं आहे, एवढं बोलून गेलो. पुढचं गणित मांडायला वही उघडली, तोवर त्या उठून गेल्या होत्या. पुन्हा काही त्या ओट्याकडे आल्या नाहीत. मीही विसरलो. तीनेक वर्षांनी ती लेक मांडीवर मुलगा घेऊन पालखीच्या दिवशी देवळात आली. मला आनंद झाला. मी आईची चौकशी केली, तेव्हा कळलं की आई आदल्याच वर्षी गेली. लेकीची ओटी रिकामीच राहणार, ही काळजी मनात घेऊन ती माउली गेली. लेक मला काही बोलली नाही. पण तो शब्द माझा होता.

त्या रात्री मी जुनी वही काढून ती पत्रिका पुन्हा मांडली. मेष लग्न. पाचव्या घरात सिंह रास, ग्रह एकही नाही. पण सिंहेचा स्वामी रवी नवव्या घरात, भाग्यस्थानात, गुरूच्या धनु राशीत. आणि गुरू स्वतः लग्नात. लग्नातला गुरू पाचव्या, सातव्या आणि नवव्या घराकडे पाहतो. म्हणजे ज्या घराला मी रिकामं म्हणालो, त्या घरावर गुरूची पूर्ण दृष्टी होती, आणि त्या घराच्या मालकावरही होती. सगळं समोर असून मी फक्त मोकळी जागा पाहिली.

आता साधा हिशेब बघा. कुंडलीत घरं बारा, ग्रह नऊ. प्रत्येक ग्रहाला स्वतंत्र घर दिलं तरी तीन घरं रिकामी राहणारच. ती कोणाला चुकलेली नाहीत. त्यात बुध सूर्यापासून सुमारे २८ अंशांपलीकडे जात नाही आणि शुक्र सुमारे ४८ अंशांपलीकडे जात नाही, म्हणून हे तिघे बहुधा एकमेकांच्या शेजारी-पाजारीच सापडतात. राहू-केतू तर कायम समोरासमोर. त्यामुळे बहुतेक पत्रिकांत पाच-सहा घरं मोकळी दिसतात. तुमच्या आहेत, माझ्या आहेत, राजाच्या असतात आणि रंकाच्याही असतात. रिकामं घर हा दोष धरला तर निर्दोष पत्रिका जगात एकही सापडायची नाही.

घर रिकामं दिसलं की जुने जाणकार चार गोष्टी पाहत. त्या घराचा स्वामी कुठे बसला आहे, घरावर कोणाची दृष्टी आहे, त्या विषयाचा कारक ग्रह कसा आहे, आणि दशा कोणाची चालू आहे. गावातल्या घराला कुलूप असलं म्हणून आपण ते घर बेवारस म्हणत नाही. मालक मुंबईला असतो, तिथून पैसे धाडतो, गणपतीला येतो, वर्षाकाठी कौलं परतून घेतो. रिकाम्या भावाचंही तसंच. मालक दुसरीकडे बसून त्याच घराचं काम करत असतो.

हे शास्त्र मला पाठ होतं, पण ते समजलं महाराजांच्या चरित्रात. त्या चातुर्मासात मी ते प्रायश्चित्त म्हणून पुन्हा वाचायला घेतलं. महाराजांची पत्रिका मांडायची माझी पायरी नाही आणि तो या लेखाचा हेतूही नाही. मी फक्त त्यांचा संसार पाहिला, आणि एखाद्या ज्योतिषाने त्यावर काय शेरा मारला असता याचा विचार केला.

महाराजांचा जन्म सावंतवाडी संस्थानातल्या माणगावचा. शके १७७६, श्रावण वद्य पंचमी, रविवार, इंग्रजी तारीख १३ ऑगस्ट १८५४. वडील गणेशभट्ट, आई रमाबाई, आजोबा हरिभट्ट. गणेशभट्ट दत्तप्रभूंच्या भक्तीत इतके रमलेले, की घर सोडून गाणगापूरला जाऊन सेवेत राहिले. मागे बायको एकटी, घरात मूल नाही. त्या काळच्या शेजाऱ्यांनी या संसाराला काय म्हटलं असेल, ते मी सांगायला नको. परंपरेत अशी कथा आहे की दत्तप्रभूंनीच त्यांना घरी परतून गृहस्थधर्म पाळण्याची आज्ञा केली, आणि त्यानंतर या दांपत्याच्या पोटी वासुदेव जन्माला आला. म्हणजे चरित्राची सुरुवातच एका रिकाम्या घरापासून आहे. त्या घराचा मालक गाणगापुरी बसून त्याच घरासाठी पुण्य जोडत होता.

वासुदेवाला आजोबांनी हाताशी धरून शिकवलं. आठव्या वर्षी मुंज झाली. वेदपठण, संस्कृत, याज्ञिकी असं सगळं त्यांनी कोवळ्या वयात आत्मसात केलं, आणि ज्योतिषही शिकले. तेव्हा या विद्येला महाराजांनी हात लावला नव्हता असं कोणी समजू नये. ग्रहांची भाषा त्यांना येत होती. पण आपल्या आयुष्यातलं एकेक घर मोकळं होत गेलं तेव्हा ते ग्रहांचा हिशेब मांडत बसले नाहीत. दत्तप्रभूंची आज्ञा काय, एवढंच त्यांनी पाहिलं.

एकविसाव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. पत्नीचं नाव अन्नपूर्णाबाई. भिक्षुकीवर चालणारा संसार, त्यात कडक आचार आणि अनुष्ठानं. धनस्थानाकडे पाहून कोणी हेवा करावा असं काही नव्हतं. पुढे ओढीने ते श्रीक्षेत्र नृसिंहवाडीला जाऊ लागले. तिथे गोविंदस्वामींचा सहवास लाभला आणि मंत्रोपदेश झाला. कागलहून दत्तमूर्ती आणून त्यांनी १८८३ साली, शके १८०५ च्या वैशाखात, माणगावी स्थापना केली. निर्मळा नदीच्या काठचं ते आडबाजूचं कोकणी गाव बघता बघता क्षेत्र झालं. लोक अडचणी घेऊन येत, महाराज दत्तप्रभूंना विचारून मार्ग सांगत. अन्नदान चाले, उत्सव होत. कर्मस्थान, लाभस्थान, कीर्ती, सगळी घरं भरलेली.

आणि ही भरलेली घरं त्यांनी आपल्या हातानं मोकळी केली. सहा-सात वर्षांनी, १८८९ मध्ये, आज्ञा झाली तशी पत्नीला बरोबर घेऊन ते माणगावाबाहेर पडले. देऊळ, गाव, मानमरातब, काही मागे वळून पाहिलं नाही. आपण घर भरलं की देवाची कृपा मानतो आणि रिकामं झालं की अवकृपा. इथे दोन्ही वेळी आज्ञा एकाचीच होती.

या दांपत्याला एक अपत्य झालं, ते जगलं नाही. चरित्रात हा उल्लेख एखाद्या ओळीत येतो. पूर्वी मी ती ओळ वाचून पुढे जात असे. या वेळी तिथे थांबलो. अन्नपूर्णाबाईंनी ते दुःख कोणापाशी सांगितलं असेल? माहेर दूर, सासर मागे राहिलेलं, नवरा वैराग्याच्या वाटेवर. त्या माउलीच्या ओटीकडे पाहून कोणी जाणत्याने माझ्यासारखाच शब्द टाकला असता तर? मला पोथी मिटून ठेवावी लागली.

पुढे ही दोघं फिरत फिरत गोदावरीकाठी गंगाखेडला आली, जनाबाईंच्या गावी. तिथे अन्नपूर्णाबाईंना पटकीने गाठलं, आणि शके १८१३ च्या वैशाखात, १८९१ साली, त्यांनी तिथेच देह ठेवला. महाराजांनी त्यांचे उत्तरकार्य यथासांग केले आणि ते आटोपताच त्याच गोदातीरी संन्यास घेतला. मग उज्जयिनीला श्रीनारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला. वासुदेवशास्त्री टेंबे तिथे संपले आणि वासुदेवानंद सरस्वती झाले.

वाचकहो, इथे क्षणभर थांबून कुंडली समोर धरल्यासारखं पाहा. वय सदतिसाव्यात. चौथं घर म्हणजे घरदार आणि सुख, ते सोडलेलं. पाचवं संततीचं, ते मोकळं. सातवं पत्नीचं, ते मोकळं झालेलं. दुसरं धनाचं, त्यात कमंडलू. सहावं रोगाचं, ते मात्र भरलेलं, कारण संग्रहणीची व्याधी पुढे जन्मभर सोबतीला राहिली. ओट्यावर बसणाऱ्या माझ्यासारख्याने या आयुष्यावर काय शेरा मारला असता? हतभागी जीव, असाच ना?

आणि त्यानंतरची तेवीस वर्षं पाहा.

उज्जयिनीच्या पहिल्या चातुर्मासापासून गरुडेश्वरच्या शेवटच्या चातुर्मासापर्यंत तेवीस चातुर्मास झाले. हिमालयापासून थेट तंजावरपर्यंत सारी वाट पायी आणि अनवाणी. वाहन नाही, संग्रह नाही, माधुकरी मिळेल ती. नर्मदा, गंगा, गोदा, कृष्णा, जिचा काठ येईल तिथे मुक्काम. ज्यानं एक घर सोडलं त्याला एवढ्या नद्यांचे काठ घर झाले. पिठापूर, कुरवपूर या श्रीपाद श्रीवल्लभांच्या स्थानांकडे भक्तांची पावलं पुन्हा वळली, त्यातही महाराजांचा मोठा वाटा आहे.

पाचव्या घराचं तर काय सांगावं! शास्त्रात पंचम स्थान केवळ संततीचं नाही. विद्या, बुद्धी, मंत्र, उपासना आणि पूर्वपुण्यही तिथूनच पाहतात. आपण चिंतेच्या भरात त्यातला एकच अर्थ धरून बसतो. महाराजांनी त्या फिरतीत, दुखण्यात, दत्तपुराण रचलं. द्विसाहस्री, सप्तशती गुरुचरित्रसार, दत्तमाहात्म्य झालं. कुमार, युवा आणि वृद्ध या तिघांसाठी शिक्षात्रयी लिहिली. आपण दर गुरुवारी म्हणतो ती करुणात्रिपदी त्यांनी वाडीला रचली. घोरकष्टोद्धरण स्तोत्र कुरवपूरच्या चातुर्मासातलं, १९११ सालचं. दत्तसंप्रदायात आज घरोघरी चालणारा अठरा अक्षरी नाममंत्रही त्यांचाच प्रसाद. पहाटे उठून तुम्ही-आम्ही जे म्हणतो, त्यातलं किती त्यांच्या लेखणीतून आलं, ते एकदा मोजून पाहा.

आणि लेकरं? नारेश्वरचे रंगावधूत महाराज, ज्यांनी गुजरातेत दत्तभक्ती रुजवली. पुण्याचे गुळवणी महाराज, ज्यांनी आपल्या आश्रमाला गुरूंचंच नाव देऊन वासुदेव निवास म्हटलं. इंदूरचे नाना महाराज तराणेकर. गुंजचे योगानंद महाराज, म्हणजे गांडा महाराज. नृसिंह सरस्वती दीक्षित स्वामी. यांच्यापाठोपाठ त्यांचे शिष्य, त्यांचे प्रशिष्य. आज ज्यांना महाराजांचं दर्शन घडणं शक्यच नव्हतं अशी लाखो माणसं त्यांना थोरले महाराज म्हणतात. घरातल्या कर्त्या माणसालाच आपण थोरले म्हणतो ना? जे एक मूल हाती लागलं नाही, त्याच्या जागी किती मोठं गोत झालं!

मूल गेलं म्हणून हे सारं घडलं असा माझ्या म्हणण्याचा अर्थ घेऊ नका. ते दुःख ते दुःखच. अन्नपूर्णाबाईंच्या वाट्याला तर पुढचं काही पाहणंही आलं नाही. मला एवढंच म्हणायचं आहे, की गंगाखेडच्या घाटावर उभं राहून कोणालाही या आयुष्याचा हिशेब लागला नसता. घर रिकामं दिसत होतं, मालक कामाला लागलेला कोणाला दिसत नव्हता.

ज्योतिषात गुरूच्या बाबतीत एक जुना ठोकताळा आहे. गुरू ज्या घरात बसतो त्या घराला थोडी तोशीस लावतो, पण ज्या घरांकडे पाहतो ती वाढवतो. गुरूची बैठक नव्हे, दृष्टी मोलाची. लहानपणी वडील हे सांगत तेव्हा मला गंमत वाटे. महाराजांचं चरित्र वाचताना त्याचा वेगळाच अर्थ उमगला. जे घर ग्रहांनी गजबजलेलं असतं तिथे आपण आपल्याच सामानात गुंतलेले असतो. मोकळ्या घरात गुरूची नजर आडकाठी न लागता पोचते. महाराजांच्या मोकळ्या घरांवर ती नजर अखंड होती, आणि त्यांनी त्या घरांत पुन्हा सामान भरायचा हट्ट केला नाही.

१९१३ चा चातुर्मास नर्मदाकाठी गरुडेश्वरला झाला. शरीर व्याधीने झिजलेलं होतं, पण नित्यनेमात खंड नव्हता. शके १८३६, आषाढ शुद्ध प्रतिपदेला, १९१४ साली, महाराजांनी तिथेच देह ठेवला. बारावं घर व्ययाचं, दूरच्या प्रवासाचं आणि मोक्षाचंही. आयुष्यभर चालत राहिलेल्या यतीचा प्रवास नर्मदामाईच्या काठी संपला. आज तिथे समाधीपुढे उभं राहिलं की त्या जागेला रिकामं म्हणायला जीभ धजत नाही.

तेव्हापासून मी ओट्यावर बसताना एक नियम केला आहे. रिकामं हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आधी त्या घराचा स्वामी शोधायचा, गुरू कुठे पाहतो ते बघायचं, मग बोलायचं. आणि सगळं पाहूनही काही शुभ सापडलं नाही, तर पत्रिका मिटून हातावर तीर्थ द्यायचं आणि गुरुचरित्राचा नेम सांगायचा. आयुष्याचा शेवटचा शब्द माझ्या वहीत नाही, हे आता मला पक्कं कळलं आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हात जोडून विनंती, की सुनेला, लेकीला, लग्न रखडलेल्या मुलाला पत्रिकेतलं मोकळं घर दाखवून बोलू नका. बोललेला शब्द परत घेता येत नाही. ज्या माउलीला मी तो ऐकवला, तिची क्षमा मागायला ती आता या जगात नाही. म्हणून ती इथे, सगळ्यांसमक्ष, मागतो आहे.

मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळी आपल्या मंदिरात पाळणा सजतो. सकाळपासून फुलांच्या माळा चढत असतात, बायाबापड्या दोरीला हात लावून जातात, आणि दिवसभर तो पाळणा मोकळाच असतो. अत्री-अनसूयेच्या आश्रमातही तो असाच मोकळा होता. त्या मोकळ्या पाळण्याला कोणी अपशकुन म्हणत नाही, कारण संध्याकाळी तिथे कोण येणार आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. यंदा दोरी ओढताना ज्यांच्या घरात काही मोकळं आहे, त्या सगळ्यांसाठी दत्तप्रभूंना एक हाक घाला. मी घालणारच आहे.

श्रीगुरुचरणारविंदी सादर समर्पण.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥